अश्वत्थाम्याची मुदत

अश्वत्थामा खरोखर मेला काय, हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो त्याच्या बापाने. भारतीय युद्धाचा तो पंधरावा दिवस होता. द्रोणाचार्यांच्या हाती शस्त्र असेतोवर पांडवांचा निभाव लागणे शक्य नव्हते, आणि ते शस्त्र खाली ठेवावयास लावील अशी एकच बातमी जगात होती. तेव्हा भीमाने मालवराज इंद्रवर्म्याचा अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला. हा हत्ती पांडवांच्याच पक्षाचा होता, ही गोष्ट कथेकरी सहसा सांगत नाहीत. हत्ती पडताच भीमाने 'अश्वत्थामा मेला' अशी आरोळी ठोकली. द्रोणांचा तिच्यावर विश्वास बसला नाही. भीमाची जीभ आणि आपल्या मुलाचा पराक्रम ही दोन्ही ते ओळखून होते. म्हणून ज्याच्या शब्दाला शत्रूच्या गोटातही किंमत होती त्या युधिष्ठिरास त्यांनी विचारले. युधिष्ठिराने मरणाचा शब्द स्पष्ट उच्चारला आणि हत्तीचा अस्पष्ट. पुढे कथेकऱ्यांनी नेमक्या त्या क्षणी श्रीकृष्णाकडून शंख फुंकविला आणि धर्मराजाच्या वाणीवरील दोष थोडा हलका केला. व्यासांच्या संहितेत तो शंख नाही. तेथे आहे तो एवढाच तपशील, की आजवर भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा धर्मराजाचा रथ त्या उत्तरानंतर जमिनीला टेकला. मराठीने या प्रसंगातून 'नरो वा कुंजरो वा' हा वाक्प्रचार उचलला आणि गुळमुळीत उत्तर देणाऱ्या माणसांसाठी तो कायमचा राखून ठेवला. सरकारी कचेऱ्यांतून त्याचा उपयोग वारंवार होतो, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

द्रोण मेले. प्रश्न मात्र मेला नाही. अश्वत्थामा आहे की गेला, हे लोक आजही एकमेकांना विचारीत आहेत.

कथेतील पात्राच्या मरणाविषयी रसिकांनी शंका घ्यावी, ही गोष्ट आपल्याच देशापुरती नाही. आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३ साली शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधील रायखेनबाखच्या धबधब्यात लोटले आणि आपण सुटलो असे मानले. पण प्रेत कोणी पाहिले नव्हते. वाचकांनी लेखकाचा पिच्छा सोडला नाही, आणि १९०३ साली त्याला होम्स परत आणावा लागला. आपल्याकडे कथेतील नव्हे तर इतिहासातील पुरुषाच्या बाबतीत हेच घडले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी १७८३ साली स्वतःचा अंत होईपर्यंत वैधव्य पत्करले नाही. भाऊ जिवंत असावेत ही इच्छा इतकी प्रबळ होती, की त्यांचे नाव धारण करून उभा राहिलेल्या तोतयाला कोकणातील किल्ले मिळाले आणि १७७६ साली त्याला देहांत शासन करावे लागेपर्यंत पेशवाईची झोप उडाली. या दोन्ही ठिकाणी कारण सरळ आहे. ज्याच्यावर आपण प्रेम केले तो गेला, हे मनाला मानवत नाही.

अश्वत्थाम्यावर कोणी प्रेम केले? बापाचा अपवाद सोडला तर फारसे कोणी नाही. आणि ज्या कृत्याने तो जगाच्या स्मरणात राहिला ते कृत्य असे आहे, की तो मेला असता तर कोणाच्याही डोळ्याला पाणी आले नसते. म्हणून त्याची गोष्ट होम्सच्या किंवा भाऊंच्या गोष्टीहून अगदी निराळी आहे. प्रिय माणसाला लोकांनी मरू दिले नाही, हे समजते. अप्रियालाही त्यांनी मरू दिले नाही, याचा उलगडा केला पाहिजे.

त्याच्या बालपणाचा एकच प्रसंग महाभारताने सांगितला आहे, आणि तो द्रोणांच्याच तोंडून. घरात गाय नव्हती. श्रीमंतांची मुले दूध पीत, हा रडे. एकदा त्या मुलांनी त्याला पाण्यात पीठ कालवून दिले, आणि ते दूध समजून तो आनंदाने नाचू लागला. मुले हसली. द्रुपदाकडे जाऊन अपमान पदरी घेणे, मग हस्तिनापूर, मग शिष्यांकडून गुरुदक्षिणा म्हणून द्रुपदाचे राज्य, ही द्रोणांच्या आयुष्याची सारी वाट त्या पिठाच्या पाण्यापासून निघालेली आहे. हा मुलगा एका फसवणुकीवर वाढला आणि दुसऱ्या एका फसवणुकीने पोरका झाला, हे विसरून पुढच्या रात्रीविषयी निवाडा देता येणार नाही. पण ते ध्यानात ठेवूनही तो निवाडा सौम्य होत नाही.

ती रात्र अठराव्या दिवसानंतरची. मांडी मोडून पडलेल्या दुर्योधनाने अश्वत्थाम्याला सेनापतिपदाचा अभिषेक करविला. सेना म्हणावी तर मामा कृपाचार्य आणि यादववीर कृतवर्मा, एवढे दोघे. वडाखाली ते दोघे झोपले आणि अश्वत्थामा जागा राहिला. झाडावर झोपलेल्या कावळ्यांना एका घुबडाने मारलेले त्याने पाहिले आणि त्याला युक्ती सापडली. कृपांनी त्याला परोपरीने समजाविले, की झोपलेल्यांवर शस्त्र धरू नये. मग मात्र ते त्याच्याबरोबर गेले. अश्वत्थामा पांडवांच्या छावणीत शिरला. बापाचा वध करणाऱ्या धृष्टद्युम्नाला त्याने शस्त्राचे मरणसुद्धा मिळू दिले नाही, लाथांनी मारले. शिखंडी गेला. द्रौपदीचे पाच मुलगे गेले. कृप आणि कृतवर्मा छावणीच्या दाराशी उभे होते; प्राण वाचविण्यासाठी जे बाहेर धावले त्यांना या दोघांनी कापले आणि छावणीला आग लावून दिली.

या तिघांचे पुढे काय झाले ते एका ओळीत मांडून पाहावे, म्हणजे न्यायाचा मोठा विचित्र हिशेब डोळ्यांपुढे येतो. कृतवर्मा छत्तीस वर्षांनी प्रभासक्षेत्री यादवीत मेला. झोपलेल्यांना मारल्याबद्दल सात्यकीने त्याला टोचून बोलले आणि त्याच भांडणात त्याचे मस्तक उडविले. कृपाचार्य हस्तिनापुरात सन्मानाने राहिले. इतकेच नव्हे, तर पांडव महाप्रस्थानाला निघाले तेव्हा परीक्षिताचे गुरुपद युधिष्ठिराने त्यांच्याकडे सोपविले. ज्या बालकाला त्याच्या आईच्या गर्भात मारण्यासाठी भाच्याने अस्त्र सोडले होते, त्याच बालकाला शिकविण्याचे काम मामाकडे आले! आणि तिसऱ्याला मरण नाकारण्यात आले.

नाकारण्यात आले, पण किती काळ? येथे मूळ ग्रंथाकडे नीट पाहणे भाग आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे काम १९१९ साली हाती घेतले आणि १९६६ साली ते पुरे केले. त्यातील सौप्तिकपर्वाचे संपादन प्रा. ह. दा. वेलणकर यांचे आहे. त्यात श्रीकृष्णाच्या शापाचे शब्द अगदी स्पष्ट आहेत. अश्वत्थाम्याने पृथ्वीवर एकट्याने भटकावे; कोठेही, कोणाशीही त्याला संवाद लाभू नये; माणसांच्या वस्तीत त्याला थारा नसावा; अंगाला पू आणि रक्त यांची दुर्गंधी यावी; सर्व व्याधी त्याच्या वाट्याला याव्या आणि दुर्गम अरण्यात त्याने राहावे. ही शिक्षा तीन हजार वर्षांची आहे.

तीन हजार वर्षे, अनंतकाळ नव्हे! शापात मुदत घातलेली आहे आणि ती संपल्यावर काय, याविषयी श्रीकृष्ण गप्प आहे. उलट आपल्या घराघरांतून म्हटल्या जाणाऱ्या सात चिरंजीवांच्या श्लोकात अश्वत्थाम्याचे नाव सर्वांत आधी येते. त्याच्यामागून बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम. या यादीला मुदत नाही. काही घरांतून अभ्यंगाच्या वेळी तेलात बोट बुडवून सात थेंब जमिनीवर सोडण्याची चाल आहे, त्यातला पहिला थेंब त्याचा. शाप एक सांगतो आणि श्लोक दुसरेच सांगतो. एका कागदावर मुदतीची कैद आहे आणि दुसऱ्यावर तोच कैदी कायमच्या मानकऱ्यांच्या यादीत अग्रभागी आहे. कोणत्याही कचेरीत अशी दोन परिपत्रके एकाच विषयावर निघाली, तर पुढचे सर्व अधिकारी आपापल्या सोयीचे परिपत्रक दाखवीत राहतात. लोकांनीही तेच केले.

मुदतीचा कागद खरा धरला तर गणित मोठे मजेदार होते. ऐहोळे येथील मेगुती मंदिरात रविकीर्तीचा शिलालेख आहे, इ. स. ६३४ मध्ये कोरलेल्या त्या लेखात भारतीय युद्धाला ३७३५ वर्षे झाली असे म्हटले आहे. म्हणजे युद्ध इ. स. पूर्व ३१०२ च्या सुमाराचे. या हिशेबाने अश्वत्थाम्याची मुदत इसवी सनाला आरंभ होण्यापूर्वी शंभर वर्षे, म्हणजे आजपासून एकवीस शतकांपूर्वी संपली. पुराणांतील राजवंशांच्या याद्या दुसरा आकडा देतात. परीक्षिताच्या जन्मापासून नंदाच्या राज्याभिषेकापर्यंत १०१५ वर्षे, असा एक पाठ आहे आणि १०५० वर्षे, असा दुसरा. नंदांचा उदय इ. स. पूर्व चौथ्या शतकाच्या मध्याच्या आसपास धरला, तर युद्ध इ. स. पूर्व १४०० च्या जवळपास येते आणि मुदत इसवी सनाच्या सोळाव्या-सतराव्या शतकांच्या सांध्यावर संपते. या कालगणनेत वर्षे मोजली आहेत ती परीक्षिताच्या जन्मापासून, म्हणजे ज्याला मारावयाचे होते त्याच्याच वाढदिवसापासून, हे मला अर्थपूर्ण वाटते. पार्गिटर या इंग्रज पंडिताने याच याद्यांचा कस लावून १९२२ साली युद्ध इ. स. पूर्व ९५० च्या सुमाराचे ठरविले, आणि १९५० ते ५२ या काळात हस्तिनापूरच्या टेकाडाचे उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल त्याच्या थोडे अलीकडे आले. हे खरे मानले, तर शिक्षा अजून चालू आहे. ती संपावयास काही थोडी दशके उरली आहेत. आज जन्मलेले मूल म्हातारे होण्यापूर्वी अश्वत्थामा सुटेल!

यांतील कोणता काळ बरोबर, हे ठरविणे माझे काम नाही, आणि काव्यातील शापाला पंचांग लावणे हा थोडा पोरखेळ आहे, हेही मी जाणतो. पण ज्यांना कथा आवडते ते असले पोरखेळ करतातच. आमच्या छत्तीसगडात पंडवानी ऐकणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. येथे या गायनाच्या दोन शाखा मानतात. वेदमती शाखा सबलसिंह चौहानांच्या हिंदी महाभारताला धरून चालते; झाडूराम देवांगन हे तिचे थोर गायक. कापालिक शाखा गायकाच्या स्मृतीवर आणि प्रतिभेवर विसंबते. २०१९ साली पद्मविभूषण मिळालेल्या तीजनबाई तिच्या. त्यांच्या हातातला तंबुरा कधी भीमाची गदा होतो, तर कधी दुःशासनाचा तोडलेला हात. कथा ग्रंथात पुरी झाली तरी गाणाऱ्याच्या व ऐकणाऱ्याच्या मनात ती पुरी झालेली नसते. मधल्या रिकाम्या जागा तेथे भरल्या जातात. शापातील सर्वांत मोठी रिकामी जागा तीन हजार वर्षांची होती. ती भरली सातपुड्याने.

रायपुराहून नागपूर, अकोला करीत भुसावळास जावे आणि तेथून उत्तरेकडची गाडी धरावी, म्हणजे बुऱ्हाणपूर लागते. या शहराच्या बाजारात मराठी बोल आजही कानी पडतात. त्याच्या उत्तरेस वीसएक किलोमीटरांवर असीरगड उभा आहे. दक्खनचा दरवाजा म्हणून त्याची ख्याती. १६०१ च्या जानेवारीत अकबराने तो फारुकी सुलतानाकडून घेतला आणि १८१९ साली इंग्रजांनी तो शिंद्यांकडून घेतला. गडावर महादेवाचे जुने देऊळ आहे. पहाटे कोणी येण्यापूर्वीच पिंडीवर ताजे फूल आणि गुलाल वाहिलेला असतो आणि तो अश्वत्थामा वाहून जातो, अशी तेथील श्रद्धा आहे. त्याला कोणी पाहत नाही. जो पाहील त्याला वेड लागते म्हणतात. याच अकबराने १५८२ साली महाभारताचा फारसी अनुवाद करविण्यास आरंभ केला होता. तेव्हा असीरगडच्या वेढ्यात बसलेल्या त्या बादशहाला अश्वत्थामा अनोळखी नव्हता. आणि वर सांगितलेल्या पुराणांच्या हिशेबाने तर तो गड पडला त्याच सुमारास शिक्षा संपत होती. हा केवळ योगायोग आहे. पण कथा सांगणाऱ्याच्या हाती असे योगायोग पडले नाहीत, तर त्याने करावे काय?

अश्वत्थामा किल्ल्यावरच का राहावा, याविषयी माझा एक तर्क आहे. शापात त्याला 'दुर्गकांतारा'चा आश्रय सांगितला आहे. तेथे दुर्ग म्हणजे जाण्यास कठीण. मराठी कानाला मात्र दुर्ग म्हटले की किल्लाच ऐकू येतो. एका विशेषणाचे नाम झाले आणि रानात भटकणाऱ्या माणसाला तटबंदी मिळाली, असे तर झाले नसेल? आमच्या शेजारच्या दुर्ग शहराने अजून अश्वत्थाम्यावर हक्क सांगितलेला नाही, एवढे मात्र खरे.

याच सातपुड्याच्या रांगेत पश्चिमेकडे गेले, की महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी भागात चार हजार फुटांहून उंच असे एक शिखर आहे. त्याचे नाव अस्तंबा. हे नाव अश्वत्थाम्याचेच, आणि तेथील भिल्ल व पावरा लोकांना तो अस्तंबा ऋषी आहे. दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमारास हजारो लोक तळोद्याकडून आणि इतर वाटांनी डोंगर चढून त्याच्या दर्शनास जातात. येथे त्याच्या दर्शनाने वेड लागत नाही. तो आपल्या जखमेसाठी तेल मागत फिरतो आणि रानात वाट चुकलेल्यांना वाट दाखवितो, असे लोक सांगतात. नर्मदेची परिक्रमा करणारेही शूलपाणीच्या झाडीतून परतल्यावर अशाच गोष्टी सांगतात: एक फार उंच माणूस भेटला, कपाळाला फडके होते, तेल मागितले, पुढची वाट सांगितली आणि दिसेनासा झाला.

आता हा सर्व पुरावा कायद्याच्या चौकटीत बसविला तर काय होते? माणूस हयात आहे की नाही, हा प्रश्न आमच्यापुढे वारसाच्या नोंदींत येतो. १८७२ च्या पुरावा अधिनियमाचा नियम असा होता, आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तोच आहे: तीस वर्षांच्या आत जो हयात असल्याचे ठाऊक आहे तो मेला, असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे, परंतु ज्यांना त्याची खबर साहजिकच लागली असती अशांना सात वर्षे त्याची खबर नसेल, तर तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्यावर सिद्धतेचा भार पडतो. अश्वत्थाम्याच्या बाबतीत अडचण अशी, की खबर साहजिकच लागावी असे कोणी त्याला उरलेलेच नाही. आणि ज्यांना ती लागावयास नको त्यांना ती दर वर्षी लागते. शिवाय कागदावर एकदा मेलेल्या माणसाचे काय हाल होतात, तेही महसुली खात्यातल्या मंडळींना ठाऊक असते. आझमगड जिल्ह्यातील लालबिहारी यांना १९७६ च्या सुमारास दप्तरात मृत दाखविण्यात आले. आपण जिवंत असल्याची नोंद करवून घेण्यास त्यांना १९९४ पर्यंत झगडावे लागले. त्या काळात त्यांनी आपल्या नावापुढे 'मृतक' असे लावून घेतले आणि आपल्यासारख्यांचा संघ काढला. अश्वत्थाम्याचे मरणही असेच आधी खोटे नोंदले गेले होते, आणि नोंदविणारा साक्षात धर्मराज होता. ज्याचे खोटे मरण एकदा पूर्ण परिणाम करून गेले, त्याच्या वाट्याचे खरे मरण त्या कथेत शिल्लकच राहिले नाही, असे मला पुष्कळदा वाटते.

पण ही झाली कल्पना. पुराव्याचा मुद्दा निराळा आहे, आणि तो असीरगड व अस्तंबा या दोन ठिकाणांतील फरकात आहे. शापाची मुख्य अट रोगाची नाही, जखमेची तर नाहीच. भळभळणारी जखम हा लोककथेचा तपशील आहे. महाभारतात तो आपल्या मस्तकावरचा मणी काढून देतो, इतकेच. मुख्य अट संवादाची आहे: कोणाशीही त्याचे बोलणे होऊ नये. असीरगडचा अश्वत्थामा ही अट पाळतो. तो फूल ठेवून जातो, बोलत नाही, दिसला तर पाहणाऱ्याची बुद्धी जाते. तो शिक्षा भोगणारा कैदी आहे. अस्तंब्याचा अश्वत्थामा बोलतो. तो तेल मागतो आणि लोक देतात. तो वाट सांगतो आणि लोक त्या वाटेने जातात. ज्या माणसाला आपण तेलाचा प्रश्न ऐकून उत्तर दिले, तो शापात असणे शक्य नाही. म्हणजे मूळ ग्रंथाच्याच न्यायाने हा अश्वत्थामा मुदत संपल्यानंतरचा आहे. दोन्ही कथा एकाच डोंगररांगेत, सुमारे दोनशे किलोमीटरांच्या अंतरावर आहेत. एक शिक्षेच्या अलीकडची, दुसरी पलीकडची. म्हणून तो मेला काय, या प्रश्नाला माझे उत्तर असे, की तो मेला नाही, सुटला आहे. ऐहोळ्याचा शिलालेख काय म्हणतो आणि पार्गिटर काय म्हणतो, हे न विचारता सातपुड्यातील माणसांनी त्याची मुदत संपल्याचे ठरविले. आणि ज्याला लहानपणी दूध मिळाले नाही त्याला म्हातारपणी तेल घालावयास ते तयार झाले.

अशी सूट देण्याचा अधिकार त्यांना होता काय? येथे मला थांबावे लागते. अधिकार असलाच तर तो एका बाईचा होता. महाभारतातील द्रौपदी मुलांची प्रेते पाहून अन्नत्याग करून बसली आणि अश्वत्थाम्याचे प्राण मागितले. भीमाने मणी आणून दिल्यावर आपले देणे फिटले असे ती म्हणाली, कारण गुरूचा मुलगा गुरूसारखा. भागवतातील द्रौपदी याच्याही पुढे जाते. बांधून आणलेल्या अश्वत्थाम्याला सोडून द्या, मी रडते तशी त्याची आई कृपी रडू नये, असे ती सांगते. मुलगे गमावलेल्या आईने एवढे म्हटल्यावर बाकीच्यांना बोलण्यास फारशी जागा उरत नाही. तरीही त्या मुलांची आठवण माझ्या मनातून जात नाही. प्रतिविंध्य, सुतसोम, शतानीक, श्रुतसेन. आणि अर्जुनाचा जो मुलगा, त्याचे नाव कोठे श्रुतकर्मा असे येते, तर कोठे श्रुतकीर्ती. ग्रंथानेही त्याची नीट नोंद ठेवली नाही. मारणाऱ्याच्या नावाचे शिखर आहे, त्याच्या नावाने तेलाचा थेंब आहे, त्याच्या नावाची यात्रा आहे. ही पाच मुले खरोखर मेली काय, असे आजवर कोणी विचारले नाही. त्यांच्या मरणाविषयी सर्वांची खात्री आहे.

अस्तंब्याचे लोक त्याला ऋषी म्हणतात, ते ऐकून शहरातील माणूस हसतो. पण भागवताच्या आठव्या स्कंधात पुढच्या, म्हणजे सावर्णी मन्वंतराचे अधिकारी आजच नेमून ठेवलेले आहेत. इंद्रपद बळीकडे जावयाचे आहे, आणि सप्तर्षींच्या यादीत गालव, दीप्तिमान, परशुराम, ऋष्यशृंग यांच्याबरोबर तीन नावे आहेत: व्यास, कृप आणि अश्वत्थामा. डोंगरातील भिल्लाने आणि भागवतकाराने एकमेकांना न विचारता त्याला एकच पदवी दिली. शापाच्या वेळी अश्वत्थाम्याने व्यासांना म्हटले होते, की मी आता तुमच्याच संगतीने माणसांत राहीन. ते त्या वेळी कोणी फारसे मनावर घेतले नसावे. त्या पुढच्या मन्वंतरात छावणीच्या दाराशी उभा राहिलेला मामा, आत शिरलेला भाचा आणि ती रात्र लिहून काढणारा कवी हे तिघे एका पंक्तीला बसणार आहेत. त्यांचे बोलणे काय होईल, ते भागवताने सांगितलेले नाही.